साम्राज्य गेले, नगर राहिले
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एखादे प्रवासवर्णनही असावे, अशी कार्यकारिणीची इच्छा होती. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता व्हिएन्नात आठ दिवस राहून आलो होतो, म्हणून हे काम आमच्याकडे आले. विमान किती उशिरा सुटले आणि हॉटेलात न्याहारीला काय मिळाले, याचा वृत्तान्त आम्ही आपल्याला ऐकवणार नाही. तो ज्यांना हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी आमच्या सौभाग्यवतींना गाठावे. त्यांच्याजवळ तो तपशीलवार आहे.

व्हिएन्नाला जाणारा प्रवासी तेथील राजवाडे पाहतो, संगीत ऐकतो आणि कॉफी पितो. हे सारे आम्हीही केले. परंतु चौतीस वर्षे घरापासून दूर, दुसऱ्यांच्या प्रांतात राहिलेल्या माणसाची दृष्टी थोडी निराळी होते. समोर भव्य इमारत दिसली की ती कोणत्या सम्राटाने बांधवली हे वाटाड्या सांगतोच. आमच्या मनात मात्र दुसरा प्रश्न येई. येथे विटा कोणी वाहिल्या? ती माणसे कोठून आली होती? आणि या नगरीने त्यांना पुढे आपले म्हटले काय? आज आम्ही व्हिएन्ना आपल्याला दाखवणार आहोत, ती या प्रश्नाच्या मागोमाग जाऊन.

हॅब्सबुर्ग घराण्याने व्हिएन्नावर १२८२ पासून १९१८ पर्यंत राज्य केले. आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करीत होते तेव्हा हे घराणे तेथे आले आणि पहिले महायुद्ध संपले तेव्हा गेले. अखेरच्या काळात त्या साम्राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. युद्धानंतर ते फुटले आणि वीस लाखांची राजधानी सुमारे पासष्ट लाखांच्या लहानशा प्रजासत्ताकाच्या पदरात पडली. घर विकले जावे आणि दिवाणखान्यातील झुंबर तेवढे हाती राहावे, असा तो प्रकार होता. १९११ साली राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली, तेव्हा आपल्या या कोलकात्यालाही तशाच तऱ्हेचा धक्का बसला होता. म्हणून व्हिएन्नाचे दुःख समजण्यास आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

पहिल्या दिवशी आम्ही ‘रिंगश्ट्रास’ पाहिला. जुन्या शहराला तिन्ही बाजूंनी कवेत घेणारा, सुमारे सव्वापाच किलोमीटर लांबीचा हा रुंद राजमार्ग. चौथी बाजू डॅन्यूबच्या कालव्याने पुरी केली आहे. मध्ये एकदा गाडी बदलून ट्रामने त्याची प्रदक्षिणा करता येते, आणि ट्राम काही आपल्याला परकी नाही. या मार्गाच्या जागी पूर्वी शहराचा तट होता. १८५७ च्या डिसेंबरात सम्राट फ्रान्झ योझेफने तट पाडण्याचा हुकूम काढला. १८६५ च्या मे महिन्यात नव्या मार्गाचे उद्घाटन झाले. तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यातील जमीन विकून आलेल्या पैशातून सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. ऑपेरा १८६९ साली, संसदभवन आणि नगरभवन १८८३ साली, विद्यापीठ १८८४ साली. निसर्गेतिहासाचे आणि कलेतिहासाचे अशी दोन जुळी संग्रहालये १८८९ आणि १८९१ साली. संसदेसाठी ग्रीक शैली, नगरभवनासाठी गॉथिक, विद्यापीठासाठी इटलीतील पुनरुज्जीवनकाळाची. प्रत्येक संस्थेला तिच्या पूर्वजांचा पोशाख चढवावा, अशी ही योजना होती. संसदभवनाचा वास्तुशिल्पी तेओफिल हान्सेन डेन्मार्कचा, नगरभवनाचा फ्रीडरिख श्मिट जर्मनीतला. पहिल्याच दिवशी बाहेरून आलेली माणसे भेटू लागली.

तट कोणाच्या भयाने बांधलेला होता? मुख्यत्वे तुर्कांच्या. १६८३ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत कारा मुस्तफा पाशाच्या सैन्याने व्हिएन्नाला वेढा दिला होता. १२ सप्टेंबर रोजी पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि जर्मन राजे यांच्या फौजांनी तो उठवला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपले छत्रपती संभाजी महाराज फोंड्याला पोर्तुगीजांशी झुंजत होते. वेढ्यात तुर्कांकडून मिळालेल्या तोफा वितळवून १७११ साली व्हिएन्नाकरांनी एक अजस्र घंटा ओतली आणि ती सेंट स्टीफनच्या मुख्य मंदिरात टांगली. तिला लोक लाडाने ‘पुमेरिन’ म्हणतात.

या मंदिराचा दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच आहे. ३४३ पायऱ्या चढून वर गेले की पहारेकऱ्याची जुनी खोली लागते. कोठे आग दिसते काय, यावर येथून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नजर ठेवली जाई. खाली पाहावे तो मंदिराचे छप्पर पैठणीच्या पदरासारखे पसरलेले. त्यावर रंगीत कौले सुमारे दोन लाख तीस हजार. १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, शेजारच्या घरांतील आग या छपराला लागली. लाकडी सांगाडा भस्म झाला. पुमेरिन खाली कोसळून फुटली. त्या वेळी देशात खाण्याचीही भ्रांत होती. तरीही ऑस्ट्रियाच्या नऊ प्रांतांनी एकेक काम वाटून घेतले. एकाने फरशी दिली, एकाने बाके, एकाने खिडक्या, एकाने महाद्वार. छप्पर व्हिएन्नाने स्वतः केले. वरच्या ऑस्ट्रिया प्रांताने फुटक्या घंटेचा धातू घेऊन १९५१ साली नवी, वीस टनांची पुमेरिन ओतली. आज नववर्षाच्या मध्यरात्री ती वाजते आणि सारे राष्ट्र ती आकाशवाणीवर ऐकते. त्या नादात तुर्की तोफांचा धातू अजून आहे.

येथे आम्हांला आपल्या कोलकात्याची आठवण झाली. आपणांपैकी जुन्या मंडळींना ‘मराठा डिच’ ठाऊक आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धाकाने या शहराभोवती खंदक खणण्यास सुरुवात झाली. तो पुरा झालाच नाही. पुढे बुजवला गेला आणि त्यावरून सर्क्युलर रोड झाला. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि बंगाली आया त्याच्या धाकाने मुले निजवू लागल्या. ज्यांना रोखण्यासाठी खंदक खणला, त्यांचे वंशज आज त्याच खंदकावरच्या रस्त्याने कचेरीला जातात आणि संध्याकाळी शेजाऱ्याने पाठवलेला संदेश खातात. व्हिएन्नातही हेच घडले. १९६४ साली ऑस्ट्रियाने तुर्कस्तानशी करार करून कामगार मागवले. आज त्यांची मुले-नातवंडे व्हिएन्नाच्या बाजारांत भाजी विकतात, ट्राम चालवतात, रुग्णालयांत रोगी तपासतात. वेढा घालून जे शहर मिळाले नाही, ते कष्ट करून राहायला मिळाले. मात्र त्यांना तेथे अजून कोणी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारीत नाही, असे समजू नका. आपल्यालाही विचारतात, चौतीस वर्षांनंतरही विचारतात.

व्हिएन्नाच्या कॉफीची कथाही अशीच. वेढा उठल्यावर तुर्कांच्या छावणीत कॉफीची पोती सापडली आणि एका शूर हेराने त्यातून पहिले कॉफीगृह काढले, अशी दंतकथा तेथे आवडीने सांगतात. कागदोपत्री पहिला परवाना मिळाला तो १६८५ साली, योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला. म्हणजे जी कॉफी व्हिएन्नाची ओळख झाली, ती परक्यानेच पाजली. चांदीच्या रंगाच्या लहान तबकात कपाशेजारी पाण्याचा पेला येतो आणि पेल्यावर चमचा आडवा ठेवलेला असतो. लाकडी दांडीला अडकवलेले वर्तमानपत्र घेऊन एका कपावर दोन तास बसले तरी कोणी उठवीत नाही. इराण्याच्या हॉटेलात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना तेथे बसणे शिकवावे लागत नाही. जेवणाचेही तसेच. गूलाश हंगेरीचा, गोड पदार्थांतील निम्मे बोहेमियाच्या स्वयंपाकिणींनी आणलेले. शाकाहारी माणसाने ‘काइझरश्मारन’ मागवावे. जाड गोड धिरडे तव्यावरच फाडून, साखर भुरभुरून, आलुबुखाराच्या मुरांब्याबरोबर देतात. ‘कापूचिनर’, म्हणजे कॅपुचिन, पंथाच्या जोग्यांच्या झग्याच्या रंगावरून तेथे एका कॉफीला नाव पडले आहे, आणि त्याच पंथाच्या मठाकडे आता आपल्याला जायचे आहे.

त्याआधी राजवाड्याविषयी दोन शब्द. ‘होफबुर्ग’ हा हिवाळ्यातील वाडा. वाडा कसला, गावच. प्रत्येक पिढीने एकेक चौक वाढवीत नेलेला. आज त्याच्या एका भागात राष्ट्राध्यक्षांची कचेरी आहे, दुसऱ्यात राष्ट्रीय ग्रंथालय, उरलेल्यांत संग्रहालये. ‘शोनब्रुन’ हा उन्हाळ्यातील वाडा १,४४१ खोल्यांचा. त्यांतील सुमारे चाळीस पाहावयास मिळतात. येथे १७६२ साली सहा वर्षांच्या मोझार्टने महाराणी मारिया थेरेसापुढे वादन केले. फ्रान्झ योझेफ येथेच १८३० साली जन्मला आणि १९१६ साली येथेच वारला. अडुसष्ट वर्षे राज्य केलेल्या त्या सम्राटाची निजण्याची लोखंडी खाट पाहून वसतिगृहाची आठवण होते. निळ्या चिनी चित्रांच्या दालनात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी शेवटचा सम्राट कार्ल याने राज्यकारभारातून अंग काढून घेतले. त्या दालनात आता शाळेची मुले रांगेने फिरत होती.

कॅपुचिन मठाच्या तळघरात या घराण्याची दफनभूमी आहे. दीडशेच्या आसपास राजपुरुष आणि राजस्त्रिया तेथे विसावल्या आहेत. मारिया थेरेसा आणि तिचा पती यांची शवपेटी पलंगाएवढी, नक्षीने आणि पुतळ्यांनी मढलेली. तिच्याच पायाशी मुलगा दुसरा योझेफ याची साधी तांब्याची पेटी. प्रजेचा खर्च कमी व्हावा म्हणून आयुष्यभर धडपडलेल्या राजाने मरणातही काटकसर केली. या मठाचा एक विधी ऐकण्यासारखा आहे. १९८९ साली शेवटची सम्राज्ञी झिटा आणि २०११ साली तिचा मुलगा ओटो यांच्या अंत्ययात्रा दाराशी आल्या तेव्हा तो पाळला गेला. बाहेरून काठीने दार ठोठावतात. आतून जोगी विचारतो, ‘कोण आत येऊ इच्छितो?’ बाहेरून सगळ्या पदव्या वाचल्या जातात. ‘आम्ही त्यांना ओळखत नाही.’ पुन्हा दार वाजते, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या खेपेस बाहेरचा म्हणतो, ‘एक मर्त्य, पापी माणूस’. तेव्हा दार उघडते. पंढरीच्या वाटेने चाललेल्या आपल्या माणसांना याचा अर्थ कोणी समजावून द्यायला नको.

आता संसदभवन. दीर्घ डागडुजीनंतर ते २०२३ च्या जानेवारीत पुन्हा उघडले होते, म्हणून आम्हांला ते नवेकोरे पाहायला मिळाले. जुन्या सभागृहात उभे राहिल्यावर मार्गदर्शक बाईंनी जे सांगितले ते आम्ही विसरणार नाही. १९०७ साली सर्व पुरुषांना मताधिकार मिळाल्यावर येथे ५१६ सभासद बसत. जर्मन, झेक, पोलिश, रुथेनियन, स्लोव्हेन, क्रोएशियन, इटालियन, रुमानियन अशा किती तरी भाषांची ही माणसे. प्रत्येकाला आपल्या भाषेत बोलण्याची मुभा होती. दुभाषा मात्र नव्हता. ज्याला समजले त्याने ऐकावे!

१८६७ च्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने साम्राज्यातील सर्व लोकांना आपली भाषा जपण्याचा समान हक्क दिलेला होता. कागदावर ते कलम आजही आदर्श वाटावे. १८९७ साली पंतप्रधान बाडेनी यांनी त्या दिशेने एक पाऊल टाकले. बोहेमिया आणि मोराव्हिया प्रांतांतील सरकारी नोकरांना जर्मन आणि झेक या दोन्ही भाषा आल्या पाहिजेत, असा हुकूम काढला. झेक सुशिक्षितांना जर्मन येतच होते. जर्मनांना झेक शिकावे लागणार होते. त्यावर काहूर माजले. एका जर्मन सभासदाने कामकाज रोखण्यासाठी सलग बारा तास भाषण केले, सभागृहात हाणामाऱ्या झाल्या, रस्त्यांवर दंगे झाले. नोव्हेंबरात बाडेनींना जावे लागले आणि पुढे हुकूमही मागे घेण्यात आला. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन त्या वेळी व्हिएन्नात राहत होता. त्याने हा तमाशा प्रेक्षकांच्या सज्जातून पाहून त्यावर लिहिलेही. मंडळी, शेजाऱ्याची भाषा शिकण्याची वेळ आपल्यावर यावी, यात थोरल्या भावाला अपमान वाटला. त्या साम्राज्याच्या भिंतीला तडा गेला तो एका तोफेने नव्हे. अशा शंभर अपमानांनी तो रुंदावत गेला, असे आमचे मत त्या सभागृहात झाले.

ज्यांची भाषा शिकणे कमीपणाचे वाटत होते, ते झेक लोक व्हिएन्नात कोठे होते? सगळीकडे होते. १९०० च्या शिरगणतीत सुमारे एक लाख व्हिएन्नाकरांनी आपली भाषा झेक नोंदवली. आणि नोकरी जाईल या भीतीने जर्मन नोंदवणारे किती असतील, ते निराळेच. शिंपी, चांभार, सुतार, स्वयंपाकिणी, दाया, सगळे बोहेमिया-मोराव्हियाचे. शहराच्या दक्षिणेला व्हीनरबर्ग टेकडीवर वीटभट्ट्या होत्या. रिंगश्ट्रासवर ज्या महालांपुढे आम्ही माना वर करून उभे राहिलो, त्यांच्या विटा तेथे भाजल्या गेल्या. भट्टीवरच्या कुटुंबांचे हाल डॉक्टर व्हिक्टर आडलर यांनी १८८८ साली स्वतः तेथे शिरून पाहिले आणि छापून जगापुढे मांडले. मजुरी पैशांऐवजी पत्र्याच्या बिल्ल्यांत मिळे. ते बिल्ले फक्त भट्टीच्याच दुकानात चालत. आज त्या जागी तळी आणि वनराई आहे. वीट मात्र शहरात आहे.

या माणसांनी १८७२ साली एक संस्था स्थापन केली. झेक शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की याचे नाव तिला दिले. हेतू एवढाच की व्हिएन्नात वाढणाऱ्या आपल्या मुलांना आपली भाषा लिहिता-वाचता यावी. १८८३ साली फावोरिटन या कामकरी वस्तीत तिची पहिली शाळा उघडली. शाळेला मान्यता देण्यास सरकारने वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. नगराध्यक्ष कार्ल लुएगर यांच्या काळात तर, नागरिकत्व हवे असेल त्याने शहराचे जर्मन स्वरूप राखण्याची शपथ घ्यावी, असा दंडक झाला. दिवसभर शिवण करून किंवा वीट वाहून आलेल्या आईबापांनी त्या शाळेला आपल्या मिळकतीतून पैसे दिले. हिटलरच्या राजवटीत ती बंद पडली, युद्धानंतर पुन्हा उघडली, आणि आज शहराच्या तिसऱ्या विभागात ती चालू आहे. तेथे मुले झेकही शिकतात आणि जर्मनही. प्रवासी-पुस्तकांतील प्रेक्षणीय स्थळांत तिचे नाव आम्हांला दिसले नाही. आम्ही बाहेरूनच ती इमारत पाहिली. फाटकाशी एक आजी नातवाला घ्यायला उभ्या होत्या. नातू त्यांच्याशी एका भाषेत बोलत होता आणि दोस्तांशी दुसऱ्या.

रिंगश्ट्रासवरच्या विद्यापीठाशी आपले जुने नाते आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात १८६३ पासून काही वर्षे संस्कृत शिकवणारे गेओर्ग ब्यूलर १८८१ साली व्हिएन्नाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८८६ साली व्हिएन्नात प्राच्यविद्या पंडितांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा आपले डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिला उपस्थित होते आणि परतल्यावर त्या प्रवासाचे वृत्त त्यांनी मुंबईच्या विद्वत्सभेपुढे सांगितले. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो असे मानणारा समाज मागे ठेवून, बरोबरीच्या नात्याने युरोपच्या पंडितांत बसायला गेलेले ते मराठी विद्वान. मराठी माणसाने व्हिएन्नाविषयी सभेत बोलावे, ही रीत इतकी जुनी आहे. आम्ही केवळ तिच्या शेपटाशी आहोत.

आणि या शहरात उभे राहून नेताजींचा उल्लेख न करणे हा अपराध होईल. १९३३ साली प्रकृतीच्या उपचारासाठी सुभाषबाबू व्हिएन्नाला आले. विठ्ठलभाई पटेलही तेव्हा तेथे आजारी होते. दोघांनी तेथूनच संयुक्त पत्रक काढले. १९३४ साली सुभाषबाबूंनी भारतीय लढ्यावरील आपला ग्रंथ तेथे लिहिला. त्या कामात साहाय्य करणाऱ्या एमिली शेंकल पुढे त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. त्यांची कन्या अनिता १९४२ साली व्हिएन्नातच जन्मली. साम्राज्य गमावलेल्या राजधानीत बसून एक तरुण दुसऱ्या साम्राज्याला उखडण्याचा विचार करीत होता.

आता जे सांगायचे आहे ते सुखाचे नाही. पण ते वगळून व्हिएन्ना सांगता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जे शहर संगीत, वैद्यक आणि विचार यांत जगाच्या पुढे होते, त्याची ती कीर्ती पुष्कळ अंशी बाहेरून आलेल्यांनी, आणि विशेषतः ज्यूंनी, मिळवून दिली होती. सिग्मंड फ्रॉइड मोराव्हियात जन्मलेले. बेर्गगासवरील एकोणीस क्रमांकाच्या घरी ते १८९१ पासून राहिले. गुस्ताफ मालर बोहेमियाचे. १८९७ पासून दहा वर्षे राजकीय ऑपेरा त्यांच्या हाती होता. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलर आला. होफबुर्गसमोरच्या वीरांच्या चौकात प्रचंड जनसमुदायाने त्याचा जयजयकार केला. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावले. जूनमध्ये ब्याऐंशी वर्षांचे फ्रॉइड शहर सोडून गेले. नोव्हेंबरच्या एका रात्री व्हिएन्नातील ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली.

मुख्य मंदिर तेवढे उभे राहिले. त्याचे कारण विलक्षण आहे. १८२६ साली ते बांधले तेव्हा कॅथलिकेतरांच्या पूजास्थानाने रस्त्यावर तोंड दाखवू नये, असा कायदा होता. म्हणून ते राहत्या घरांच्या रांगेत लपवून बांधले गेले. १९३८ साली आग लावली असती तर शेजारची घरेही पेटली असती. जे लपणे एकेकाळी अपमान म्हणून लादले होते, त्यानेच ते वाचले. माणसे वाचली नाहीत. ऑस्ट्रियातील सुमारे पासष्ट हजार ज्यू मारले गेले. ‘युडेनप्लाट्झ’ चौकात २००० साली उभारलेले स्मारक म्हणजे दगडी ग्रंथालय आहे. पुस्तकांच्या कडा बाहेर, नावे आत. दाराला मूठ नाही. आम्ही दोघे तेथे बराच वेळ उभे होतो आणि एकमेकांशी बोललो नाही. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या शहराची भाषा बोलली, तेथे कर भरीत राहिली, त्याच्यासाठी युद्धात लढली, त्यांना एका सकाळी ‘तुम्ही बाहेरचे’ असे सांगण्यात आले. हा शब्द आपल्या देशातही अधूनमधून ऐकू येतो. तो आपल्या स्वतःच्या महाराष्ट्रातही दुसऱ्यांना उद्देशून उच्चारला गेला आहे, हे आपण तरी विसरू नये. दूर राहणाऱ्याला त्याचा काटा कोठे टोचतो, ते ठाऊक असते.

शेवटच्या दिवशी आम्ही राजवाड्यांपासून दूर, हायलिगेनश्टाट भागात ‘कार्ल मार्क्स होफ’ पाहायला गेलो. साम्राज्य गेल्यावर नगरपालिकेने काय केले, ते तेथे दिसते. १९२३ साली घरांसाठी स्वतंत्र कर बसवला. मोठ्या घराला मोठा कर. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक बिऱ्हाडे बांधली. ही एकच चाळ, हो, आम्ही तिला चाळच म्हणू, सुमारे अकराशे मीटर लांब, बिऱ्हाडे १,३८२. आत बागा, धुलाईघरे, न्हाणीघरे, बालवाड्या, वाचनालय. १९३४ च्या यादवीत तिच्यावर तोफा डागल्या गेल्या, तरी ती टिकली. आजही नगरपालिकेच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत. कमी होत होत पंधरा लाखांवर आलेली लोकसंख्या २०२३ साली पुन्हा वीस लाखांवर गेली, ती बहुतांशी बाहेरून आलेल्यांमुळे. तेथील एका गच्चीवर वाळत घातलेले कपडे पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘गिरगावची आठवण झाली.’ एवढ्या प्रवासात त्यांनी दिलेली ही सर्वांत मोठी पावती होती.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घरचे थोडे बोलू आणि थांबू. या वर्षीच्या सर्वसाधारण सभेपुढे रविवारचा मराठी वर्ग बंद करण्याची सूचना आली आहे. मुले सहाच येतात, वीज जळते, शिक्षिकाबाईंना टॅक्सीचे भाडे द्यावे लागते. हिशेब खोटा नाही. परंतु वीटभट्टीवरच्या मजुराला बिल्ल्यांत मजुरी मिळत असता त्याने मुलांच्या भाषेसाठी शाळा काढली, आणि आपण पन्नास वर्षांच्या सुस्थितीनंतर सहा मुलांचा वर्ग मोडणार असू, तर सुवर्णमहोत्सवात सोने कोणते, असा प्रश्न आमच्या मनात येतो. वर्षाचे टॅक्सीभाडे आम्ही उभयता देऊ. सातवे मूल आपण आणा.

त्याबरोबर आणखी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांना या शहरात तीस-चाळीस वर्षे होऊनही बंगाली वाचता येत नाही. ज्या शेजाऱ्यांनी आपले गणपती आपुलकीने पाहिले, आपल्या आजारपणात रात्री जागवल्या, त्यांच्या घरची वर्तमानपत्रे आपण चित्रे पाहून खाली ठेवतो. थोरल्या भावाचा तो अभिमान व्हिएन्नाच्या संसदेत कोठवर गेला, ते आपण ऐकले. म्हणून आमची सूचना अशी की रविवारी दहा ते अकरा मुलांना मराठी शिकवावी आणि अकरा ते बारा त्याच खोलीत, त्याच विजेच्या दिव्याखाली, आईबापांनी बंगाली शिकावे. वर्गात पहिले नाव आमचे लिहावे.